पहिल्या पाटाची सवाष्ण

"हात आखडू नगंस, संयोगिते. आज तू न्हाई जेवत, तुज्या तोंडानं अंबाबाई जेवतीया," असं म्हणून राहीबाईंनी पुरणपोळीवर तुपाची आणखी एक पळी ओतली.

तूप पोळीवरून ओघळलं, भाताच्या मुदीला टेकलं आणि तिथंच साचून राहिलं. शेजारच्या वाटीत येळवणीची, पुरणाच्या डाळीच्या पाण्याची, आमटी होती. तिच्यावर तेलाचा लाल तवंग होता आणि त्या तवंगात माथ्यावरचा पंखा गरगरताना दिसत होता. संयोगितानं नजर काढून घेतली. तोंडात पाणी सुटलं होतं, पण ते भुकेचं नव्हतं. उलटी व्हायच्या आधी सुटतं तसलं, पातळ, खारट पाणी. ते तिनं गिळलं.

घराच्या पुढच्या सोप्यात पाच पाट मांडले होते, पाचांवर पाच सवाष्णी, आणि पहिला पाट संयोगिताचा. राहीबाईंच्या सुनेला, अंकिताला, बरीच वर्षं मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. तेव्हा एका शुक्रवारी राहीबाईंनी याच सोप्यात संयोगिताला एकटीला जेवू घातलं होतं. ती इतकं मन लावून जेवली की राहीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि देव्हाऱ्यासमोर बोलून टाकलं, "आई, लेकरू दे. पाच सवाष्णी पोटभर जेवू घालीन, आन् पयल्या पाटावर हीच आसंल. हिच्या ताटात शीत न्हाई ऱ्हायचं."

लेकरू झालं. आता ते आतल्या खोलीत झोळीत झोपलं होतं आणि चैत्रातल्या या शुक्रवारी नवस फिटायचा होता. पहिल्या ताटात शीत राहिलं तर नवस अपुरा. पुढं लेकराला साधा ताप जरी आला, तरी बोट अंकिताकडेच जाणार, हे त्या घरात कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मधल्या काळात संयोगिताचं पोट कापून लहान केलं होतं, एवढंच राहीबाईंना माहीत नव्हतं.

*

गावात संयोगिताला जेवणारी म्हणून नाव होतं. तासगावच्या रस्त्याला बेदाण्याची शेड होती, तिथं ती बेदाणा निवडायला जायची. गंधकाच्या धुरीचा वास नाकात जाऊन बसलेला असायचा आणि हाताला बेदाण्याचा चिकटा. काड्या, कचरा बाजूला काढता काढता एक मूठ तोंडात जायची. मुकादम रागावला, मूठ तोंडात. पोराचा पुण्याहून फोन आला नाही, मूठ तोंडात. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. तेराव्याला वाढपी येईल तसे लाडू ताटात पडत गेले आणि ती खात गेली. बाया म्हणाल्या, लय धीराची हाय.

लग्नात ती मागच्या रांगेत उभी राहायची, फोटोत कडेला. एसटीत तिच्या शेजारी बसायला माणसं कुरकुरायची. पण सवाष्ण जेवायला घालायची म्हटलं की पहिलं बोलावणं तिला. तिचं जेवण बघून घरधनिणीचा जीव निवायचा. सगळ्या गावात तिची म्हणावी अशी जागा तेवढी एकच होती, पहिला पाट.

मग गुडघे गेले आणि साखर चढली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट लहान करू, साखर पण हटेल, पाय पण चालतील. तिचा नवरा आप्पासो लष्करातून निवृत्त झालेला, त्याच्या फौजी दवाखान्याच्या कार्डावर ऑपरेशन झालं. "गावात फालतू चर्चा नको. पित्ताचे खडे काढले म्हणून सांग," असं आप्पासोनं बजावलं. तिनं तसंच सांगितलं.

पाय चालू लागले. साखर हटली. आणि तिला अन्नाची शिसारी यायला लागली.

हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिला कळलं नव्हतं. शेडवर परत गेली त्या दिवशी दारातच तो गोड, आंबूस, गंधकाचा वास आला आणि ती भिंतीमागं जाऊन ओकली. पोटात काही नव्हतं, नुसता पांढरा फेस पडला, साबणासारखा. घरी आप्पासो रविवारी मटणाची नळी ओढून चोखायचा, तो आवाज ऐकून ती उठून अंगणात जायची. स्वतःचं अंग तर तिला बघवत नव्हतं. आंघोळ करताना पोटाचं कातडं रिकाम्या पिशवीसारखं लोंबायचं, त्याच्या घडीत घाम साचून बुरशीचा वास यायचा. ती घडी उचलायची, पुसायची, पावडर लावायची, आणि हे सगळं डोळे मिटून करायची.

रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती तोंडात थेंब घालत नसे. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवायचं, हा आईनं लावलेला नेम तिनं कधी मोडला नव्हता. अन्नाची किळस येणाऱ्या घरात देवी थांबत नाही, असं आई म्हणायची. म्हणून पाणी फिरवताना ती आता रोज मनातल्या मनात माफी मागायची.

मिरजेच्या दवाखान्यात आहार सांगणारी नूरीन म्हणून मुलगी होती. तिला संयोगितानं एकदा विचारलं, "बाई, आता राग आला, वाईट वाटलं, तर मी काय करू? आधी खात हुते."

नूरीननं तिचा हात हातात घेतला. "काकी, आता रडायचं. भूक लागल्यासारखं वाटलं की पोटावर हात ठेवायचा आणि विचारायचं, ही पोटाची का मनाची? मनाची असली तर रडून घ्यायचं."

"मला न्हाई येत."

"येईल हळूहळू. लहान पोराला पण सगळं शिकवायला लागतं की."

पण अजून आलं नव्हतं.

नवसाचं बोलावणं आलं तेव्हा ती खरं सांगायलाच राहीबाईंकडं गेली होती. उंबऱ्यातच राहीबाईंनी तिला गाठलं. "किती वाळलीस गं बया. खड्यांनी पार खाल्ली तुला. ये, शुक्रवारी घालती तुला पोटभर. तुज्याबिगर मला दुसरी सवाष्ण सुचतच न्हाई बग." त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. संयोगिता "येती" म्हणून परत आली.

*

त्या घरची रीत अशी, की ओटी जेवणाआधी भरायची आणि ती पदरात तशीच कमरेला खोचून पाटावर बसायचं. जेवण होईस्तोवर आईचं दान खाली ठेवायचं नाही. संयोगिताच्या मांडीवर तांदूळ, नारळ आणि हिरवा खण, असं सगळं पदराच्या पोटात होतं.

पहिला घास तिनं नखाएवढा तोडला आणि चावत राहिली. चावून चावून पुरणाचा लगदा झाला. कोमट, गुळमट, टाळूला चिकटलेला, कुणाच्या तरी तोंडातून काढून आपल्या तोंडात घातल्यासारखा. शेजारच्या पाटावर शालूबाई पोळी गुळवणीत, गुळाच्या गोड पाण्यात, कुस्करून भुरके मारत होत्या. त्यांच्या मनगटावरून ओघळ कोपराकडे निघाला होता. त्यांनी तो जिभेनं टिपला.

"काय गं, नव्या नवरीगत लाजतीयास," शालूबाई म्हणाल्या. "एरवी आमचा पयला घास हुईस्तोवर तुजी दुसरी पोळी आसती."

बाया हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, इतकी वर्षं त्या अशाच हसत आल्या होत्या. पण आज संयोगिताला पहिल्यांदाच दिसलं की सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडं आहेत. ओठ, गाल, गळा, घास कुठवर उतरला. जत्रेत माणसं तमाशाच्या फडाकडं बघतात तशा त्या बघत होत्या. कायम अशाच बघत असतील, आपली मान ताटात असायची म्हणून आपल्याला दिसलं नाही.

राहीबाई कुरडया आणायला आत वळल्या. संयोगितानं पोळीची चतकोर घडी केली आणि पदरातल्या खणाखाली सारली. हात तुपानं बुळबुळीत झाला होता. मग दुसरी चतकोर. भज्यांचं काय अवघड नव्हतं. भात राहिला. ती क्षणभर थांबली. उष्टा भात ओटीच्या तांदळात घालायचा, हे मनात आल्याबरोबर तिच्या अंगावर शहारा आला. तांदळात हळदीकुंकू होतं. आई, बघू नगंस, असं म्हणून तिनं भाताची मूठ खाली नेली. कच्च्या तांदळात तो ऊन, चिकट भात बोटांना लागला तेव्हा तिला स्वतःच्या हाताचीच घाण वाटली.

मान वर केली तर समोर अंकिता उभी होती, हातात पापडांची टोपली घेऊन. तिनं पाहिलं होतं.

अंकिता वाकली, संयोगिताच्या ताटात पापड ठेवला आणि तशीच वाकून उभी राहिली, पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडं करून. राहीबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना सुनेची पाठ दिसली, आणि ती पाठ बाजूला झाली तेव्हा जवळजवळ रिकामं ताट.

"बगा," राहीबाई बाकीच्या बायांना म्हणाल्या. "बगा, माजी आई कशी जेवली. आता ही एक माज्या हातची." त्यांनी गरम पोळीचा मोठा तुकडा मोडला, गुळवणीत बुडवला आणि संयोगिताच्या तोंडासमोर धरला. "आ कर."

त्या बोटांवरून गुळवणी ठिबकत होती. नखात पुरण होतं. संयोगितानं तोंड उघडलं.

घास छातीच्या मधोमध जाऊन अडकला. तो खाली ढकलायला राहीबाईंनी गुळवणीची वाटीच तिच्या ओठाला लावली. पातळ असल्यानं ती घासाच्या कडेनं थेट खाली गेली, आणि एवढं गोड आता तिच्या पोटाला सोसत नव्हतं. दोन घोटांतच तिला कळलं की आता काय होणार.

*

न्हाणी घरामागच्या परड्यात होती. तिथवर ती चालत गेली, पळाली नाही. पळाली असती तर बायांनी पाहिलं असतं. बाहेरच्या कट्ट्यावर तिनं पदरातली ओटी रिकामी केली, वर खण झाकला, आत गेली आणि भिंतीला धरून वाकली. आधी फेस आला, दोरीसारखा, तुटता तुटेना. मग तो घास. अंगाला दरदरून घाम सुटला होता. काजळ, कुंकू, घाम सगळं एक होऊन नाकावरून खाली आलं.

मागं बादलीत नळ सुटल्याचा मोठा आवाज झाला. अंकिता आत आली होती आणि तिनं दार लोटून घेतलं होतं.

"नळ चालू ऱ्हावू दे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्तींना ऐकू जाईल. सवाष्ण ओकली म्हंजे झालंच मग."

संयोगिता खाली बसली. "पोरी, माजं पोट कापलंय. वाटीभर बी मावत न्हाई."

"खडे काढलं म्हणून सांगितलं हुतं की."

"पोट बारीक केलंय. कुणाला सांगू नगंस." तिनं तोंडावर पाणी मारलं. "तुज्या लेकराचा नवस हुता म्हणून बसले. तुजी आण."

अंकितानं तांब्यानं पाणी ओतून फरशी धुवायला घेतली. ते ओकलेलं मोरीच्या भोकात गोल गोल फिरत होतं, त्याच्याकडं बघत ती बोलली. "काकू, मला केळं खाता येत न्हाई, ठावं हाय तुमास्नी?"

"न्हाई."

"दुसऱ्यांदा गेलं ना, तवा आत्तींनी कुणाच्या तरी बाळाच्या नाळंचा तुकडा आणला हुता. वाळलेला. केळ्यात घालून दिला. म्हणल्या, चावायचं न्हाई, गिळायचं. मी गिळलं." तिनं आणखी एक तांब्या ओतला. "त्यांनी बी माज्यासाठीच केलं, माया करत्यात त्या. पर केळं बघितलं तरी मला आजून आतनं ढवळून येतं. कुणाला सांगायचं?"

संयोगितानं ओला हात तिच्या पाठीवर ठेवला. नळ वाहत होता.

बाहेरून राहीबाईंची हाक आली. "संयोगिते? आगं, तुजी वटी हितं ठेवलीयास. थांब, पिशवीत बांदून देती."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. अंकितानं दार उघडलं तोवर राहीबाईंनी ओटीवरचा खण उचलला होता. हिरव्या खणावर तुपाचा काळपट डाग पसरलेला. त्याखाली दुमडलेल्या पोळ्या, दबलेली भजी आणि तांदळात कालवलेला भात. मागून शालूबाई आल्या, बाकीच्या आल्या, उष्टे हात धुवायला म्हणून.

"हे काय गं?" राहीबाई म्हणाल्या.

संयोगिताच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं. खरं सांगितलं असतं तर तिची सुटका होती. पोट कापलंय, मावत नाही, एवढंच. पण ते म्हटलं की ताट जेवलेलं राहत नव्हतं. अंकिता दाराला धरून उभी होती आणि आत झोळीत लेकरू जागं होऊन कुरकुरायला लागलं होतं.

शालूबाईच पहिल्यांदा हसल्या. "आगं बया, घरला बांदून न्यायला लागली व्हय गं? पोटभर खाऊन वर शिदोरी?"

राहीबाईंनी संयोगिताकडं पाहिलं. "व्हय गं?"

संयोगितानं उघड्या दारातून आत दिसणाऱ्या देव्हाऱ्याकडं पाहिलं. समई जळत होती. देवीसमोर ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "लय ग्वाड झालती पोळी. मन भरंना. म्हणून बांदली."

"आन् भात बी?" शालूबाई पदर तोंडाला लावून वाकल्या. "भात बी न्हाई सोडला हिनं. आंग वाळलं पर जीभ हाय तशीच हाय की."

सगळ्या हसल्या. हसताना एकीला ठसका लागला. संयोगिताचा चेहरा कानापर्यंत तापला, पण ती हलली नाही. राहीबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"येडे, मागायचं की गं माज्याकडं," त्या म्हणाल्या. "चोरून कशापायी? आईला माजं इतकं ग्वाड लागलं, आजून काय पायजे मला?" त्यांनी दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "अंकिता, जा गं. डबा भर हिचा. गच्च भर."

अंकिता जागची हलेना. संयोगिता तिला म्हणाली, "जा पोरी. आत्तींनी सांगितलं तसं कर. भर गच्च."

*

डबा जड होता. वाटेत दोनदा तिनं तो हात बदलून घेतला. झाकणातून तूप पाझरून बोटांना लागत होतं आणि ती बोटं अंगापासून लांब धरून चालत होती. तिला माहीत होतं, उद्या शेडवर ही गोष्ट तिच्या आधी पोचलेली असेल. ओटीत भात बांधणारी संयोगिता. वर्षभर पुरेल.

घरी तिनं डबा आप्पासोसमोर ठेवला. तो टीव्ही बघत होता. झाकण उघडून त्यानं वास घेतला. "वा. राहीबाईंच्या हाताला तोड न्हाई. तू खाल्लीस?"

"खाल्ली."

"पचली?"

"पचली."

त्यानं पोळी तुपात दाबली आणि खायला लागला. मचमच आवाज येऊ लागला. एरवी ती उठून अंगणात गेली असती. आज तिच्यात उठायचं बळ नव्हतं. छातीखाली काहीतरी ओढत होतं, भुकेसारखं, जुनं, ओळखीचं. आधीची संयोगिता असती तर तिनं त्या डब्यात हात घातला असता आणि तळ लागेपर्यंत काढला नसता. तिनं पोटावर हात ठेवला. लुगड्याखाली ते सैल कातडं हाताला लागलं. तिला किळस आली, तरी तिनं हात काढला नाही. तशीच बसून राहिली. टीव्हीवर जाहिराती लागल्या, संपल्या. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता, आणि येतच राहिलं.

"काय झालं?" आप्पासोनं तोंडात घास असतानाच विचारलं.

"काय न्हाई. आईची आठवण आली."

"आत्ता?" तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मुगाचं मऊ वरण वाटीत घेतलं. वाटी पूजेतली होती, देवाला दूधसाखर ठेवायची, तेवढीच आता तिला पुरत होती. ती फरशीवर मांडी घालून बसली, वाटी समोर ठेवली आणि ओंजळीत पाणी घेऊन वाटीभोवती फिरवलं. पूर्वी ताटाभोवती फिरवताना हात लांब करावा लागायचा. आता पाण्याचं कडं तिच्या हातातल्या बांगडीएवढं झालं.

तिनं माफी मागायला हात जोडले. पण आज काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून नुसतेच जोडून ठेवले. मग चमच्याच्या टोकावर थोडंसं वरण घेतलं आणि ती चावू लागली, हळूहळू, दवाखान्यात सांगितलं होतं तसं.

बाहेर आप्पासोनं रिकामा डबा सरकवल्याचा आवाज आला. ती चावत होती. वाटी अजून अर्धी होती, आणि तिच्याभोवतीचं पाणी वाळून गेलं होतं.